जोह्यातल्या पन्नास आयांचा आराम

आम्ही जोहं सोडलं तेव्हा आमचा संसार गणपतीच्या टेम्पोतून निघाला. दुसरी गाडी मिळेना. मूर्ती पोचवून आलेला रिकामा टेम्पो होता, आत अजून पेंढा पसरलेला. त्या पेंढ्यातच कपाट आडवं टाकलं, वर गाद्या, आणि गाद्यांवर माझी दोन पोरं. आईने तांदळाचं पोतं चढवलं, मग वाल, मग सुकटीचा डबा, आणि शेवटी टेम्पो चालू झाल्यावर धावत येऊन पाटा दिला. वरवंटा राहिला तो राहिलाच. मी रडायला लागले तर म्हणाली, “रडतेस काय गो? रोहा काय लांब हाय? दुबईला जातेस का?”

दुबईला नव्हते जात, हे खरं. आमचे हे रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत परमनंट झाले होते आणि रोज जोह्याहून शिफ्टला जाणं काही खरं नव्हतं. पण माझ्या जोह्यातल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या तिथून उठून पनवेल-ठाण्यात जाऊन बसलेल्यांनो, तुम्हाला सांगते, माणूस दीड-दोन तासांवर गेलं तरी जातंच. कंपनीच्या सायरनवर जेवायची सवय लागते. शेजारीण दार वाजवून येते. “व्हय” म्हणायचं तिथे आपण “हो का” म्हणायला लागतो. आणि हे सगळं मला आज का आठवतंय, तर गेल्या वर्षी मी जे करून ठेवलं त्याच्यामुळे. तुमच्यातल्या निम्म्या जणी त्या दिवशी सतरंजीवर बसल्या होत्या, त्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी ऐका.

आमच्या कॉलनीत माता मंडळ आहे. सुषमाताई अध्यक्ष. त्यांचे मिस्टर मोठ्या पोस्टवर आहेत, आणि ताईंना समाजसेवेची फार हौस. मी आधीच सांगते, बाई वाईट नाही. माझ्या धाकट्याला ताप चढला, हे सेकंड शिफ्टला, तेव्हा आपली गाडी काढून दवाखान्यात नेलं ते त्यांनीच. नव्या बाळंतिणीला डबे, शाळेच्या पोरांना वह्या, सगळं मंडळ करतं. फक्त जे काही करायचं त्याला बॅनर लागतो. वह्या चार असल्या तरी बॅनर आठ फुटी. एकदा एका आजीला चष्मा दिला, तर फोटोत आजीच्या चष्म्यावर बॅनरची सावली!

तर गेल्या श्रावणात ताईंनी मीटिंग घेतली आणि म्हणाल्या, “या वेळी आपण ग्रामीण मातांसाठी काहीतरी करू या. त्यांना आराम म्हणून माहीत नसतो. तणावमुक्त माता, असं शिबिर. आपल्या रंजनाचंच गाव घेऊ. काय गं रंजना?”

श्रावणात. जोह्यात. शिबिर.

तुम्ही आत्ता कपाळावर हात मारला असेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पेणजवळच्या आमच्या जोह्यात घरागणिक गणपतीचे कारखाने आहेत. गणपतीच्या आधीचे दिवस म्हणजे गावात बाईला डोकं खाजवायला वेळ नसतो, आणि वेळ असला तरी हात रंगाचे असतात. पोरं कुठेतरी वाढतात, भात कसातरी शिजतो. माझी आई तेव्हा मधूकाकांच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे, भुवया, गंध काढणं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. ते करणाऱ्या बाया गावात मोजक्या, आणि त्यात आई म्हणजे आई. व्यापारी यायचे ते विचारायचे, “डोळे काकींच्या हातचे ना?” बाबा गेल्यावर ती ताठ उभी राहिली ती त्या कामावर.

हे मला माहीत होतं. ताईंना नव्हतं. मला तोंड होतं. “ताई, आत्ता नको, दिवाळीनंतर बघू,” एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. का? तर इतकी वर्षं मी त्या मीटिंगमध्ये खुर्च्या लावणारी, चहा गाळणारी, आणि पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं, “आपल्या रंजनाचं गाव.” सूत्रसंचालन मी करायचं होतं. मी हुरळले, आणखी काय! आमच्या मंडळातली रुबिना, तिचा नवरा कतारला असतो, ती माझ्या कानाशी म्हणाली, “रंजना, सीजन आहे ना गं तुमचा?” मी म्हटलं, “दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

आईला फोन केला. पन्नास बायका पाहिजेत म्हटलं. पलीकडून लगेच, “आत्ता? येडी झालीस काय गो?” मी चिडले. म्हटलं, तुमच्यासाठीच चाललंय, मला तिथे काय मान आहे ते तुला कळणार नाही, बायका आल्या नाहीत तर माझं नाक कापलं जाईल. ती म्हणाली, “बरं. तुझा शब्द हाय तर येतील.”

आणि आल्या हो! अकराला सांगितलं तर अकराला पन्नासच्या आसपास बाया समाजमंदिरात येऊन बसल्या. कोणाच्या कोपरापर्यंत सोनेरी रंग, कोणाच्या केसांत पांढरी पावडर. आई पहिल्या रांगेत. आमची सुमोच आली नव्हती. वडखळला अडकली म्हणाल, तर हो, अडकली. पण ते अर्धा तास. नंतर पेणला उतरून ताई म्हणाल्या, “पेणला येऊन पोह्याचे पापड न घेता कसं जायचं?” आठ बायका पापडाच्या दुकानात! एकीला मिरगुंडं हवी, एकीला लसणाचे, एकीला दुसऱ्या दुकानातले. मी दारात उभी राहून “ताई, बायका बसल्यात, बायका बसल्यात” करत होते. त्या म्हणाल्या, “अगं बसू दे, तेवढाच त्यांना आराम.”

एक वाजून गेल्यावर आम्ही पोचलो. मग बॅनर. बॅनर लागेना, कारण खिळा नव्हता. मग दीपप्रज्वलन, मग माझं सूत्रसंचालन, जे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. “आजच्या धकाधकीच्या जीवनात” असं मी म्हणाले. माझ्याच आईसमोर. मग योगाच्या मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “सगळ्यांनी डोळे मिटा, श्वासावर लक्ष द्या.” पाच मिनिटांत अर्धं समाजमंदिर घोरत होतं. किती दिवसांच्या जागलेल्या त्या बाया, डोळे मिटा म्हटल्यावर दुसरं काय होणार? ताई माझ्या हाताला चिमटा काढून म्हणाल्या, “बघितलंस, किती खोल विश्रांतीत गेल्यात!” आणि फोटो काढले. घोरणाऱ्या बायांचे.

जागी फक्त आई होती. ती दाराबाहेरचं ऊन बघत होती. मी नजरेने विचारलं, काय? तिने मान हलवली, काही नाही. नंतर मला कळलं, पाचला पनवेलच्या व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता, आणि नऊ मूर्तींचे डोळे बाकी होते. मला एकदा सांगायचं ना! पण मी स्टेजवर, माइक हातात, माझं नाक कापलं जाईल म्हणून आधीच दम भरलेला. ती कशाला सांगेल?

भाषणं झाली, प्रत्येकीला एक नॅपकिन आणि ‘माझ्या भावना’ लिहायची वही मिळाली, मग फीडबॅकचे फॉर्म. फॉर्मवर रंगाचे अंगठे उमटले. एकीने लिहिलं, “चहा छान.” बाया सुटल्या तेव्हा टेम्पो गावात शिरत होता.

मधूकाका ओरडले नाहीत. नऊ मूर्ती मागे राहिल्या, व्यापाऱ्याने फोनवर त्यांचा उद्धार केला असणार, तरी त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीनंतर नवं काम सुरू झालं तेव्हा आई नेहमीसारखी गेली. तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. काका म्हणाले, “काकी, तुम्ही आता आराम करा.”

हे मला आईने सांगितलं नाही. चुलत बहिणीने सांगितलं. मी तडक जोह्याला गेले, काकांच्या पाया पडायची तयारी करून. आईने मला उंबऱ्यात अडवलं आणि म्हणाली, “जायचं नाय. माझ्यापायी कुनासमोर वाकायचं नाय.” मग म्हणाली, “बस. चहा ठेवू?”

हे ‘बस, चहा ठेवू’ मला खाऊन टाकत होतं. तुमच्या आया तुम्हाला असं विचारतात का? माझी आई मला कधी विचारत नव्हती. मी आले की, “कपडे काय घातलेस ते,” “पोरं किती वाळवलीस,” “ती कढई घास आधी,” असं सुरू व्हायचं, आणि मी रोह्याला परत जाईपर्यंत थांबायचं नाही. आता शिवी नाही, टोमणा नाही. पाहुणीला द्यावा तसा पाण्याचा तांब्या पुढे. “तुम्ही लोक कामात असता,” म्हणाली एकदा. तुम्ही लोक! मी म्हटलं, आई, चुकलं माझं, मार मला, पण असं करू नकोस. तर म्हणे, “असू दे. मला काय व्हतंय?” ती शेजारच्या हमरापूरच्या एका कारखान्यात जायला लागली. तिथे डोळे काढणारे त्यांचे त्यांचे आहेत. माझी आई तिथे मूर्तींचे दागिने रंगवते.

मंडळात मी भांडले. पहिल्यांदाच. ताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. “अगं पण फीडबॅक तर सगळे छान होते!” मी म्हटलं, “ताई, त्यांना आराम नको होता, त्यांना काम उरकायचं होतं. आणि हे मला माहीत होतं, म्हणून चूक माझी जास्त आहे.” मग रुबिना म्हणाली, “त्यांना काय हवंय ते एकदा विचारू तरी या.” इतकी साधी गोष्ट. इतक्या वर्षांत, इतक्या बॅनरांत, कोणाला सुचली नव्हती.

मी विचारलं. तुम्हीच सांगितलंत, “आमची पोरं सांभाळा.” अंगणवाडी दुपारी सुटते, मग ती पोरं कारखान्यात, ओल्या मूर्तींमध्ये, स्प्रेच्या वासात. म्हणून या सीजनला आम्ही आठवड्यातून दोन दिवस समाजमंदिरात येऊन बसतो. बॅनर नाही असं ठरलं होतं. ताईंनी लहानसा आणला होता, पण रुबिनाने तो खाली अंथरला आणि त्यावर पोरं बसवली. ताई चित्रांची कार्डं घेऊन आल्या होत्या, “हा कोणता प्राणी?” वगैरे. पोरांनी कार्डं अर्ध्या तासात चावून टाकली. ताईंच्या साडीवर एकाने शू केली. तरी दुसऱ्या दिवशी बाई हजर! मी मनातल्या मनात हात जोडले.

गेल्या शनिवारची गोष्ट. पोरं नुसती वैतागलेली, वीस-बावीस कार्टी, एक रडलं की सगळी रडायची. मीही वैतागले आणि केळी वाटून टाकली. आई हमरापूरहून जेवायला घरी चालली होती. इतके दिवस ती समाजमंदिराच्या बाहेरून जायची, आत बघायची नाही. त्या दिवशी रडारड ऐकून दारात आली. पोरांकडे बघितलं. कारखान्यात आयांच्या कुशीतून उठून आलेली ती पोरं, प्रत्येकाच्या हाताला निळा, लाल, सोनेरी रंग, आणि त्याच हातांनी केळी तोंडात.

“रंजे!”

रडणारी पोरंही तोंडातलं केळं तसंच धरून तिच्याकडे बघायला लागली.

“रंगाचे हात हायत त्यांचे, दिसत नाय तुला? न धुता खायला दिलंस? अक्कल गहाण ठेवलीस काय गो रोह्याला? दोन पोरं वाढवलीस ती काय अशीच? उभी काय ऱ्हायलीस तोंड बघत, फेक ती केळी!”

सुषमाताई घाबरून माझ्यामागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “कोण गं या? आपण काही चुकलो का?” मी म्हटलं, “माझी आई आहे ताई.” आणि मला इतकं रडू आलं की हसू आलं, की उलटं, कोण जाणे. ताई माझी समजूत काढायला लागल्या, मनावर घेऊ नकोस म्हणाल्या. काय सांगणार त्यांना?

तुम्ही ज्या बाहेर गेलात त्या फोनवर विचारता, गाव आठवतं का, घर कुठलं वाटतं आता, रोह्याचं की जोह्याचं. मला असलं बोलता येत नाही. आईचं काम मी घालवलं. ते हात आता दागिने रंगवतात आणि ते मला आयुष्यभर दिसत राहणार. पण सात-आठ महिन्यांनी तिचा ओरडा मला परत मिळाला होता.

तिने पदर खोचला होता, खाली बसून एकेका पोराची बोटं पुसत होती. “अजून उभीच?” मान वर न करता म्हणाली. “पाणी कोन आननार, तुझा बा?”

मी बादली उचलली आणि नळाकडे पळाले.