थरथरे आबा

मधमाश्यांची पेटी उघडायची वेळ आली की आबांचे हात थरथरायचे. थोडेथोडके नाही, हातातली पोळ्याची चौकटसुद्धा कापायची. अर्धं आयुष्य मधमाश्या पाळलेला माणूस आणि माशी बघून कापतो, म्हणून त्यांच्या कऱ्हाटी गावात सगळे त्यांना ‘थरथरे आबा’ म्हणत. आबांनाही ते ठाऊक होतं. कुणी त्या नावानं हाक मारली तर ते निमूट ‘ओ’ द्यायचे.

आमची गाठ पडली ती आमच्या ह्यांच्यामुळे. कन्हेरी गावात आमचं अर्धा एकर डाळिंब आहे. फुलं भरपूर लागायची, पण फळ न धरताच गळून जायची. ह्यांनी मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले आणि पाळीव सातेरी माश्यांची पेटी आणून बागेत ठेवली. दुसऱ्याच दिवशी नाकावर डंख बसला. नाक बटाट्याएवढं झालं आणि तेव्हापासून ह्यांना बारामतीच्या ऑफिसात एकाएकी फार काम निघायला लागलं. पेटी पडली माझ्या गळ्यात.

मी तर जन्माची भित्री. लहानपणी पळसदेवला मामाकडे असताना, धरणाचं पाणी ओसरून देऊळ उघडं पडलं की आम्ही पोरं तिकडे धावायचो. एकदा तिथलं आग्यामोहोळ उठलं. मी पाण्यात उडी घेतली आणि श्वास संपेपर्यंत खाली बसून राहिले. वर डोकं काढलं की कानाशी तोच आवाज. तो आवाज पुढेही कुठे ऐकू आला की मी दारं-खिडक्या लावून घ्यायचे. पेटीजवळ जायचं म्हटलं की मला घाम फुटायचा आणि रोज सकाळी उठले की पहिला विचार पेटीचाच यायचा. शेवटी ज्यांच्याकडून पेटी आणली होती त्यांनी आबांचा नंबर दिला.

आबा एसटीनं आले. भर उन्हाळ्यात अंगात दोन सदरे, पायजम्यावरून ओढलेले मोजे, कानटोपी, वर माश्यांची जाळी आणि जाळीच्या आत पुन्हा टॉवेल. शेजारच्या रानात घास कापणारी शालन खुरपं टाकून हसत सुटली. “वहिनी, ह्ये मधाला आल्यात का हिमालयात निघाल्यात?” मलाही हसू आवरेना. मी म्हटलं, “आबा, शिकवणारे तुम्ही, आणि तुम्हीच भिताय?”

“भितो की,” आबा म्हणाले. “भ्यालेला मानूस पेटी आपटत न्हाय. ज्येला भ्या न्हाय त्येचा हात धसमुसळा. तुमी भ्या, ताई. खुशाल भ्या. पर पळू नगा. पळालं की माशी मागं लागती.”

हे त्यांचं एकच ब्रीद. भ्या, पण पळू नका. बाकी शिकवणं कमीच. गोणपाटाचा धूर आधी द्यायचा, तोही बेतानं. पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. केसांना वासाचं तेल नको. मुंग्यांसाठी पेटीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. आणि चौकट उचलली की आधी राणी शोधायची. प्रत्येक वेळी त्यांचा तोच प्रश्न, “राणी दिसली का?” राणी आहे तोवर घर आहे, ती गेली की महिना-दीड महिन्यात पेटी रिकामी, असं ते सांगत. मला ती मेली कधी दिसायचीच नाही. आबा कापऱ्या बोटानं दाखवायचे, “ही बगा, लांबट, काळपट. बाकीच्या तिला वाट देत्यात.”

पावसाळ्यात रानात फुलं नसतात. तेव्हा माश्यांना साखरेचा पाक ठेवा, असं आबांनी बजावलं होतं. पण आम्ही पडलो उसाचे लोक. दिरांचं गुऱ्हाळ. घरात चहासुद्धा गुळाचा. साखर म्हणजे रोगाचं घर, हे मी दहा जणींना ऐकवलेलं. मग आपल्या माश्यांना साखर कशी घालायची? मी घरची ताजी काकवी वाटीत ओतली, बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकल्या आणि मोठं पुण्य केल्यासारखी घरात आले.

चौथ्या दिवशी पेटीच्या दारावर तपकिरी डागांचे ओघळ दिसले. माश्या खाली मातीत पडून सरपटत होत्या, उडता येत नव्हतं. जिच्या भीतीनं मी कित्येक महिने झोपत नव्हते ती माशी मरताना बघून मला रडू फुटलं. मी आबांना फोन लावला. “काकवी घातली व्हय? त्येनं हगवन लागती त्येंला,” एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “आलोच.”

तासाभरानं त्यांच्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. बाई बोलत होती. “म्या त्येंची सून. मामा मोबाईल घरीच इसरल्यात. ताई, पाया पडते, त्येंला पेटीजवळ जाऊ दिऊ नगा. दोन वर्सांमागं एकच माशी चावली तर गळा सुजून श्वास कोंडला हुता. डाक्टर म्हनला, परत चावली तर दवाखान्यात पोचायचं बी न्हाईत. आमी सगळ्या पेट्या वाटून टाकल्या. तरी चोरून तुमच्याकडं येत्यात.”

फोन ठेवला आणि आठवले ते दोन सदरे, ते मोजे, तो टॉवेल. आणि आम्ही हसलो होतो. दवाखाना बारामतीत, गाडी ह्यांनी नेलेली, आणि आबा एसटीत बसलेले.

ते आले तेव्हा मी वाटच अडवून उभी होते. “सुनेचा फोन आला होता. तुम्ही इथून पुढे एक पाऊल टाकायचं नाही.” आबा पेटीकडे बघत म्हणाले, “मग कसं करायचं? आजच्या आज साफ न्हाय केली तर जातील समद्या.”

“मी करते.”

हे मी बोलले खरी, पण आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. आबा पंधरा पावलांवर बांधावर बसले, टॉवेल गुंडाळून. त्यांची जाळी घालून मी धूर दिला. झाकण काढलं. तो आवाज अंगावर आला, तरी मी पळाले नाही. पहिली चौकट घाण झालेली, ती बाजूला ठेवली. दुसरी तशीच. आबा काहीतरी सांगत होते, पण टॉवेलातून शब्द येत नव्हते. “मोठ्यानं बोला आबा, ऐकू येत नाही!” मी ओरडले. त्यांनी तोंडावरचा टॉवेल खाली ओढला.

तिसरी चौकट माझ्या हातात होती, माश्यांनी भरलेली, तेव्हा मी वर पाहिलं. आबांच्या गालावर माशी बसली होती.

मला धावत जायचं होतं. पण चौकट टाकली असती तर सगळं मोहोळ उठलं असतं. माशी गालावरून ओठाच्या कडेला आली, तिथून डोळ्याखाली. आबांनी डोळे मिटले होते. गुडघ्यावरचे हात थरथरत होते, चेहरा मात्र दगडासारखा. मी इतकी कधीच भ्यायले नव्हते, पळसदेवच्या पाण्यातसुद्धा नाही. माझ्या एका शब्दापायी हा माणूस जाणार, एवढंच डोक्यात होतं. किती वेळ गेला कोण जाणे. माशी उडाली.

आबांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न आला, “राणी दिसली का?”

मी चौकटीकडे पाहिलं. लांबट, काळपट, आणि बाकीच्या तिला वाट देत होत्या.

“दिसली, आबा!”

त्या दिवशी मी पेटी पुसली, काकवी लांब नेऊन पुरली, साखरेचा पाक ठेवला. मग पडवीत बसून आम्ही दोघं कापऱ्या हातांनी चहा प्यायलो. “च्या तेवढा गुळाचाच असू द्या,” ते म्हणाले. मी रागानं विचारलं, जिवाशी खेळ कशाला करता? “लई भ्या वाटतं, ताई. पर त्येंच्याबिगर करमत बी न्हाय.” मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढे ते येत राहिले, पण बांधापर्यंतच. सुनेशी मी तसा करारच केला होता. पेटी मी उघडायची, तिथून प्रश्न यायचा, इथून मी उत्तर द्यायची. त्या हंगामात डाळिंबं धरली. पहिलं फळ त्यांना दिलं, तर पिशवीत घालून नातीसाठी घेऊन गेले.

थंडीत एका सकाळी सुनेचा फोन आला. मामा गेले. माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, “माशी चावली का?”

“न्हाय ओ ताई. झोपेतच गेले.”

मला हायसं वाटलं. माणूस गेल्याचं कळलं आणि मला हायसं वाटलं, याची नंतर फार लाज वाटली. मग रडू आलं ते दिवसभर थांबेना.

तेराव्यानंतर मी पेटी उघडली. हात थरथरत होते, ते आता माझेही थांबत नाहीत. झाकण काढण्याआधी सवयीनं बांधाकडे पाहिलं, आबा पुरेसे लांब बसलेत ना म्हणून. तिसऱ्या चौकटीवर ती चालताना दिसली आणि मी ओरडले, “दिसली, आबा!”

पलीकडे शालन घास कापत होती. ती उभी राहिली, रिकाम्या बांधाकडे बघितलं, मग माझ्याकडे. या वेळी ती हसली नाही.

“कोन दिसलं, वहिनी?”

“राणी,” मी म्हटलं, आणि चौकट हळूच खाली ठेवली.