रेडिओचे तोंड पाराकडे

आयुष्यभर इतरांचे अर्ज, अहवाल आणि शाळेचे दाखले लिहिणाऱ्या माणसाने पंचाहत्तरीत एकाएकी स्मृतिलेख लिहायला बसावे, हे धाडसच आहे. वाचकांनी त्याबद्दल क्षमा करावी. पार्वताबाईंविषयी लिहिण्याचा अधिकार त्यांच्या मुलासुनेचा. मी त्यांच्या गावात जेमतेम चार वर्षे नोकरी केलेला प्राथमिक शिक्षक. पण तीन आठवड्यांपूर्वी त्या गेल्याचा फोन आला, आणि दशक्रियेला जाऊन मी जे ऐकून परतलो, ते स्वतःपुरते ठेवणे मला जमेना.

नेवाशापासून काही मैलांवरच्या त्या गावी मी रुजू झालो, ती सत्तरच्या दशकाच्या आरंभीची, दुष्काळाची वर्षे. चावडीच्या कोनाड्यात ग्रामपंचायतीचा रेडिओ होता, बॅटरीवर चालणारा. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागे आणि वीस सभासदांचे श्रोतामंडळ तो ऐकायला जमे. कार्यक्रम संपला की चर्चा व्हायची, आणि त्यातून निघालेला प्रश्न चिटणिसाने छापील अहवालात उतरवून पुण्याच्या नभोवाणी केंद्राला धाडायचा. मास्तर म्हणून चिटणीस मीच. बायका चावडीत येत नसत. विहिरीवरून परतताना त्या हंडे उतरवून समोरच्या पाराआड टेकत आणि आत सभासदांकडे तोंड करून बोलणाऱ्या त्या रेडिओचे जेवढे ऐकू येईल तेवढे ऐकत.

पार्वताबाई तेव्हा पस्तिशीच्या असतील. पती गेल्यावर पाच एकर जमीन त्या एकट्या पाहत होत्या. एका संध्याकाळी पाराआडून त्यांचा आवाज आला, “पान्यावाचून खुरटलेलं कडवळ खाल्लं आन माझी गाय तासाभरात तडफडून गेली. ते कडवळ दुसऱ्या जनावराला घालावं का न्हाई, इचारा की त्या रेडिओवाल्याला!”

प्रश्न मी लिहून घेतला. पण अहवालात ‘प्रश्नकर्त्या सभासदाचे नाव’ असा रकाना होता, आणि पार्वताबाई सभासद नव्हत्या. रकाना कोरा ठेवणे माझ्या शिस्तीत बसेना. मी अध्यक्ष बाबूरावांचे नाव घातले. पंधरा दिवसांनी उत्तर आले... ‘बाबूराव विचारतात की,’ अशी सुरुवात करून निवेदकाने सांगितले, खुरटलेले कडवळ, म्हणजे हिरवी ज्वारी, जनावरांना मुळीच घालू नये. गावातली कितीतरी गुरे त्या एका वाक्याने वाचली. लोकांनी बाबूरावांच्या पाठीवर थापा मारल्या. ते आधी गोंधळले, मग मिशीतल्या मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी पार्वताबाई वर्गाच्या दारात उभ्या.

“मास्तर, गाय माझी मेली, मग प्रश्न बाबूराव भावजींचा कसा?”

मी फळ्याकडे वळून अर्धे राहिलेले गणित पुरे करू लागलो. ‘चुकलं’ म्हणायचे राहूनच गेले...

त्याच संध्याकाळी त्यांनी चावडीच्या पायरीपाशी येऊन मागणी केली, आपले नाव सभासदांच्या वहीत घालावे. बाबूराव म्हणाले, “वयनी, बायामानसं चावडीत बसाया लागली, तर आमी काय चुलीम्होरं बसायचं?”

“बसा की! जरा धूर खावा तुमी बी,” पार्वताबाई म्हणाल्या. “आन मी आत येतच न्हाई. रेडिओचं तोंड पाराकडं करा आन माझं नाव घाला. मग मी गप.”

महिनाभर हा वाद चालला. पाराकडून प्रश्न आला की कोणीतरी मुद्दाम रेडिओचा आवाज वाढवी. पण पाराआड बसणाऱ्या बायका वाढत गेल्या आणि एके दिवशी त्यांत बाबूरावांच्या सौभाग्यवतीही दिसल्या. दोनच दिवसांनी बाबूरावांनी स्वतः उठून रेडिओ बाहेरच्या बाजूला फिरवला. “घरी जेवताना बी ह्येच ऐकतोय,” एवढेच म्हणाले. नाव मात्र वहीत चढले नाही; सभासद वीसच, हा नियम आडवा आला.

तेव्हा कोणालाही न सांगता मी केंद्राला पत्र लिहिले: प्रश्न पार्वताबाईंचा होता, चूक चिटणिसाची आहे, कृपया तसे जाहीर करावे. त्यानंतर लवकरच आमच्या रेडिओची बॅटरी उतरली. ती नेवाशाहून भरून येईपर्यंत चार-पाच दिवस चावडी मुकी होती. पुढे कोणी काही बोलले नाही, त्यावरून माझे पत्र कोणी वाचलेच नसावे असे मी धरून चाललो. पार्वताबाई समोर आल्या की मी वाट बदलत असे. अखेरीस मी भंडारदऱ्याकडे बदली मागून घेतली.

दशक्रियेनंतर त्यांच्या सूनबाईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, “रेडिओवालं मास्तर तुमीच ना? आत्याबाई सोनईला माहेरी गेल्त्या, तवा भावाच्या घरी रेडिओत त्यांचं नाव आलं. प्रश्न पार्वताबाईंचा हुता म्हनून. भरल्या ताटावरनं उठून उभ्या ऱ्हायल्या म्हनं!”

“मग मला कधी बोलल्या कशा नाहीत?”

“त्या म्हनायच्या, मास्तरला सांगितलं तर लाजून बदली मागंल.”

सगळे हसले, मीही हसलो. बदली मी तशीही मागितली होती, हे मात्र तिथे सांगितले नाही. पन्नास वर्षे छातीवर ठेवलेले काहीतरी कोणीतरी अलगद उचलून घ्यावे, तसे वाटले. मृत्यूच्या घरी इतके हलके वाटावे, याची थोडी लाजही वाटली...

निघताना खिडकीत त्यांचा लहानसा ट्रान्झिस्टर दिसला. त्याचे तोंड गल्लीकडे होते. घरात ऐकू यावे म्हणून मी तो सहज आत वळवू लागलो, तर सूनबाईंनी हात धरला. “ऱ्हाऊ द्या मास्तर. आत्याबाईंनी कधी आत वळवू दिला न्हाई.”

मी तो होता तसा ठेवला. वाचकहो, तुमच्या गावच्या रेडिओचे तोंड कोणाकडे होते?