समोरचा वारा आणि पाच नंबर

समोरून वारा असला की काठी मोठी घ्यायची आणि हात हळू चालवायचा. गोल्फमधली ही पहिली गोष्ट मला शिकवली गेली. ऐकायला सोपी आहे. मला ती तोंडपाठ होती, पण कुणाला सांगायची वेळ आली की माझी जीभ अडखळायची.

आमची वाडी शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून बरीच आत, डोंगराच्या पायथ्याशी. पलीकडच्या माळावर आमची गुरं चरायची. मी बारावीला असताना त्या माळाला कुंपण पडलं आणि तिथे मुंबईच्या लोकांसाठी गोल्फचं मैदान झालं. भर उन्हाळ्यात हिरवं गवत आम्ही पहिल्यांदा तिथेच बघितलं. वाडीतले बरेच जण तिथे कॅडी म्हणून लागले. खेळणाऱ्या साहेबाची पिशवी खांद्याला लावून मागे चालायचं, बॉल कुठे पडला त्यावर नजर ठेवायची, आणि साहेबाने विचारलं की कुठली काठी घ्यावी ते सांगायचं, हे कॅडीचं काम. मीही शनिवार-रविवार जायला लागलो. बाकीचे दिवस शहापूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथे नक्की काय करायचं असतं हे मला विचारता येईल असं घरात कुणी नव्हतं.

पिशवीतल्या काठ्यांना नंबर असतात. नंबर लहान तेवढी काठी लांब, बॉल खालून जातो आणि दूर जातो. नंबर मोठा असला तर बॉल उंच चढून जवळच पडतो. जिथे एरवी सात नंबर पुरतो, तिथे समोरून वारा असेल तर सहा आणि जोरात असेल तर पाच घ्यायचा. आणि जोर लावायचा नाही, कारण जोर लावला की बॉल वर चढतो, आणि वर चढला की वाऱ्याच्या ताब्यात जातो. हे सगळं मला कळत होतं. पण गवताची चिमूट हवेत सोडून मी वारा बघायचो, झाडाच्या शेंड्याकडे बघायचो, बॉल घालायच्या भोकावरच्या झेंड्याकडे बघायचो, आणि प्रत्येक ठिकाणी वारा वेगळा दिसायचा. एकदा एका साहेबांनी विचारलं, "कौनसा लूँ?" मी म्हणालो, "छे नंबर साहब... या पाँच." ते हसून म्हणाले, "दोनों को काटके आधा-आधा जोड़ दे, भाई." त्यांच्याबरोबरचे सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

आमच्या शेजारच्या वाडीतला माझा एक मित्र तिथेच कॅडी होता. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो शिकला नाही, त्याचं लग्न झालं, त्याला लहान मुलगी होती. तो कधीच अडखळायचा नाही. साहेबाने विचारायच्या आत काठी पुढे करायचा.

"चुकली तर?" मी त्याला एकदा विचारलं.

"चुकली तर साहेब आपल्याच हाताला शिव्या घालतो. काठी कोन इचारतो? तू लय इचार करतंस, प्रोफेसर."

तो मला प्रोफेसरच म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला कधी कळलं नाही.

त्या वर्षी भातकापणीच्या सुमाराला घरी बोलणं निघालं. दिवाळीनंतर आमच्याकडची बरीच माणसं कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. आईबाबाही जायचे. बाबा चिखल तुडवायचे, आई साच्यात भरून विटा थापायची. पण आदल्या हंगामात आई भट्टीवर पडली, तिचं मनगट मोडलं, आणि जुळलं ते वाकडंच. साचा तिला उचलवत नव्हता.

बाबा म्हणाले, "यंदा तुला यावं लागंल."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "त्याचं कालेज हाय ना?"

"मला कळतंय गो. पन मी एकटा काय करू? चिखल करू का विटा थापू?"

बाबांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. पावसाळ्यापर्यंत भट्टीवर म्हणजे वर्ष गेलं, परीक्षा गेली. आणि एकदा सुटलेलं कॉलेज परत धरणारा आमच्याकडे मी कुणी बघितला नव्हता.

त्याच सुमाराला मैदानावर कायमच्या कॅडीची एक जागा निघाली. बारा महिने पगार, आणि काम सकाळचं. माझं कॉलेज दुपारचं होतं. ती जागा मिळाली तर बाबांना भट्टीवर जायची गरज नव्हती आणि मला कॉलेज सोडायची. मी त्या जागेचा इतका विचार केला की वर्गात बसलो तरी फळ्यावरचं दिसत नसे. सर काय शिकवत होते ते त्या महिन्यातलं मला काही आठवत नाही.

कॅडींवर देखरेख करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. मुंबईच्या मैदानावर उभा जन्म काढून इकडे आलेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. साहेब लोकांना विचारून, कामं बघून त्यांनी सगळ्यांमधून दोघे उरवले, मी आणि माझा मित्र. मैदान सोमवारी बंद असायचं. त्या सोमवारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

सकाळपासून वारा सुटला होता. मामा आम्हाला घळीवरच्या जागेकडे घेऊन गेले. तिथे मारायची जागा एका काठावर आणि झेंड्याची हिरवळ पलीकडच्या काठावर, मध्ये करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली खोल घळ. अधेमधे बॉल टेकायला जागा नाही. बॉल पोचला तर पोचला, नाहीतर गेला.

मामा म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मला एक नाव द्यायचंय. तुमच्यात डावं-उजवं करून मी थकलो. आजवर दुसऱ्यांना काठी सांगितलीत, आता स्वतः घ्या नि मारा. पलीकडे टाकील तो कायम. दोघांचे घळीत गेले किंवा दोघांचे पोचले तर परत मारा."

पिशवी मधोमध ठेवली. पहिला नंबर माझा लावला.

बंद दिवशी आम्ही जुन्या काठ्यांनी खेळायचो, त्यामुळे तो फटका मला नवा नव्हता. वारा नसता तर सात नंबरने मी तो नेहमी मारायचो. मी गवत सोडलं. ते सरळ माझ्या सदऱ्यावर येऊन बसलं. वारा अगदी तोंडावर. मी सहाला हात लावला, मग पाचला, मग पुन्हा सहाला.

"काठी काढतंस का पेपर लिवतंस, प्रोफेसर?" मित्र म्हणाला.

मी पाच नंबर काढली. मामांनी मान किंचित हलवली. म्हणजे बरोबर होतं. मी बॉलपाशी उभा राहिलो. हात हळू, हात हळू, असं मनाशी म्हणत होतो. मध्येच वारा पडला. पायाजवळचं गवत सरळ झालं. मी मारलं नाही. मी थांबलो. मग घळीतून सळसळ वर चढत आली, पलीकडच्या सागाची पानं उलटी झाली, सदरा छातीला चिकटला, आणि त्या क्षणी माझे हात आपोआप उचलले गेले. वारा भरला तसा हातातही जोर भरला. बॉल वर गेला. खूप वर गेला. घळीच्या मधोमध तो उभाच राहिल्यासारखा वाटला, आणि मग मागे वळून जाळ्यांमध्ये पडला. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मामा म्हणाले, "काठी बरोबर घेतलीस. पण मघाशी वारा पडला होता तेव्हा काय झोपला होतास? वारा यायची वाट कुणी बघतं का रे?"

उत्तर मला कळलं होतं, तिथेच, काठी हातात असताना. आदले काही दिवस मी आमच्या खळ्यावर भात उपणत होतो. सूप डोक्यावर धरून तिवईवर उभं राहायचं आणि वाऱ्याची वाट बघायची. वारा पडला की हात थांबवायचे, कारण तेव्हा टाकलेलं भात आणि फोल एकाच ढिगात पडतात. वारा भरून आला की सूप हलवायचं. लहानपणापासून माझ्या हातांना एवढंच माहीत होतं. वारा येईपर्यंत थांबायचं. मामा मुंबईत वाढलेले, त्यांना हे सांगून काय समजलं असतं?

मग मित्र पुढे आला. त्याने पिशवीकडे नीट बघितलंही नाही, सहा नंबर काढली. एवढ्या वाऱ्याला सहा पुरणार नव्हती. मामांच्या कपाळाला आठी पडली. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. त्याचा बॉल गेला की पुन्हा माझी पाळी. आता मला चूक कळली होती, या वेळी मी वारा पडल्यावर मारणार होतो.

तो उभा राहिला. वारा जोरात होता. मग घळ शांत झाली, पलीकडचा झेंडा काठीला लोंबला. त्याने मारलं नाही. मी त्याच्या कोपरांकडे बघत होतो. ती थोडी वर उचललेली, थांबलेली, अगदी तिवईवर उभ्या माणसाच्या असतात तशी. तोही वाऱ्याची वाट बघत होता. त्याच्याही घरी खळं होतं.

"पडलाय, मार!"

हे मी बोललो. ठरवून नाही. खळ्यावर वर उभ्या असलेल्या माणसाला आपल्यामागचं झाड दिसत नाही, म्हणून खाली एक जण उभा राहून वारा सांगतो, आला, गेला, टाक, थांब. आवाज आला की वरचा विचार करत नाही, त्याचे हात चालतात. मित्राचे हात चालले. बॉल शांत हवेतून सरळ गेला, पलीकडच्या काठावर आपटला, थोडा घरंगळला आणि हिरवळीवर थांबला. त्यानंतर वारा आला.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग मित्राला म्हणाले, "काठी चुकीची होती. पण पोचला. उद्या सकाळी ये."

ते पिशवी उचलायला लागले तेव्हा मी त्यांच्यामागे गेलो. "मामा, दुसरं काही काम असेल तर? गवत कापायचं, पाणी मारायचं, काहीही चालेल. सकाळचं असेल तर."

"जागा एकच आहे, बाळा. शनिवार-रविवार ये की पहिल्यासारखा."

"शनिवार-रविवार नाही पुरत, मामा. मला भट्टीवर जावं लागेल. कॉलेज सुटेल."

"आधी नाही का सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं तर?"

त्यांनी खाली बघितलं. "तरी जागा एकच होती," ते म्हणाले.

"मी एकदा परत मारू का?" हे मी का विचारलं मला माहीत नाही. मामांनी माझ्या हातातली पाच नंबर हळूच काढून घेतली, फडक्याने पुसली आणि पिशवीत ठेवली.

परत येताना मित्र पुढे चालत होता. ओढ्यापाशी आल्यावर म्हणाला, "तू का बोल्लास?"

"माहीत नाय."

"मी नसतो बोल्लो."

"माहीत हाय."

"रागावलंस का?"

"नाय रे."

"रागव की मग जरा. मला तरी बरं वाटंल." तो हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. त्याच्या वाडीचा फाटा आला तेव्हा तो तिथेच उभा राहिला. मला आणखी काही सांगायचं असेल असं त्याला वाटलं असावं. मी हात केला आणि पुढे निघालो.

बाबा खळ्यावर होते. माझ्याकडे बघून त्यांना कळलं.

"जागा त्याला भेटली?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "त्याचं लेकरू ल्हान हाय." मग खळं झाडता झाडता, पाठ माझ्याकडे करून, "ट्रकवाल्याला सांगू? दोघं येतो म्हनून?"

"सांगा."

आई घरात होती. ती बाहेर आलीच नाही.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी मी एसटीने शहापूरला गेलो. सरांना सांगून टाकायचं ठरवलं होतं. मी आता येणार नाही, पटावरून माझं नाव काढू नका, जमलं तर परीक्षेला येईन, असं सगळं रस्ताभर मनात जुळवलं. वर्गात नेहमीच्या जागी बसलो. हजेरी झाली. तास संपल्यावर सर दाराशी थांबले आणि मी त्यांच्यापाशी गेलो.

"काय रे?" ते म्हणाले. "बोल."

माझ्यामागे पोरं बाहेर पडायला थांबली होती.

"काही नाही, सर."

"उद्या नवीन प्रकरण घेतोय. चुकवू नकोस."

"हो, सर," मी म्हणालो, आणि त्यांना वाट दिली.