यूकेजी आणि पहिलीच्या मधलं वर्ष

एक वर्ष आमच्या शाळेत एक असा वर्ग भरला, जो सरकारच्या कुठल्याही कागदावर नव्हता. यूकेजी संपलेली, पण पहिलीत जायला वय न भरलेली मुलं त्यात बसत. व्यवस्थापनाने त्याचं नाव ठेवलं ‘यूकेजी प्लस’. प्लस म्हणजे काय जास्त, ते मला कुणीच सांगितलं नाही. वर्ग मात्र मलाच दिला.

इथे कन्नड मुलखात, जयनगरच्या या शाळेत मी इतकी वर्षं लहान मुलांना शिकवते आहे की माझ्या हाताखालून गेलेल्या काहींनी आता आपली पोरं माझ्या हवाली केली आहेत. त्यामुळे सरकारी हुकूम निघाला म्हणून मी दचकत नाही. मागे दप्तराचं ओझं कमी करा, असा हुकूम आला. शाळेने सांगितलं, पुस्तकं शाळेतच ठेवा. पालकांनी घरी अभ्यासाला पुस्तकांचा दुसरा संच घेतला. महिना-दोन महिन्यांत मुलं काही राहायला नको म्हणून दोन्ही संच पाठीवर घालून येऊ लागली. हुकूम पाळला गेला होता आणि पोरांचे खांदे पूर्वीपेक्षा जास्त वाकले होते.

वयाचा नियम आला तेव्हा मी मनातून खूशच झाले होते, हे आधी सांगून टाकते. एक जूनला सहा वर्षं पूर्ण असतील, तरच पहिलीत प्रवेश. साडेपाच वर्षांच्या मुलाला हातच्याच्या बेरजा शिकवताना त्याचं तोंड कसं होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. त्या वयात मातीत खेळावं, पडावं, रडावं. कुणीतरी वर बसून हे ओळखलं, याचं मला बरं वाटलं होतं. नियम लगेच लागू व्हायचा नव्हता, पुढच्या वर्षीपासून होता. पण आमच्याच नव्हे, आसपासच्या बहुतेक शाळांना घाई. पुढे भानगड नको म्हणून आम्ही एक वर्ष आधीच लागू केला.

आणि मग जो तो आपापल्या सोयीने त्या नियमाशी वागायला लागला. आमच्या गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा आहे. तिथल्या हेडमास्तरांनी कमी वयाच्या मुलांना सांगितलं, वर्गात बसा, पटावर नाव पुढच्या वर्षी घालू. मुलं बसली, दुपारचं जेवली, कुणाचं काही बिघडलं नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा नातू अंगणवाडीतच राहिला आणि त्याला अंडं मिळत राहिलं म्हणून बाई उलट समाधानी होत्या. माझी भाची शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात राहते, नवराबायको दोघंही आयटीत. तिने दुसऱ्या बोर्डाची शाळा शोधली, तिथे तारीख जरा सैल धरतात असं ऐकून. एका वडिलांनी तर मलाच बाजूला घेऊन विचारलं, “मिस, जन्मतारीख स्वल्प, जराशीच, मागे नेता येते का?” आणि आमच्या व्यवस्थापनाने काय केलं, तर त्या अडकलेल्या मुलांचा एक वर्ग काढला आणि त्याची पुरेपूर फी लावली.

हे मी एका रविवारी अण्णांना सांगत होते. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिवणकाम चालत आलं आहे आणि जयनगरच्या बाजारात त्यांचं शाळांच्या गणवेशांचं दुकान आहे. ते मशीन न थांबवताच म्हणाले, “एवढी तापतीस कशाला गं? सरकार कापड पाठवतंय. शिवणारा आपल्या गिऱ्हाइकाच्या मापानं शिवतोय. आम्ही नाही का, प्लास्टिक बंद झालं तवा उरल्या कापडाच्या पिशव्या शिवल्या? दुकान चाललंच की.”

“आणि कात्री पोराच्या अंगाला लागली तर?”

“तवा तू आहेस की,” अण्णा म्हणाले आणि हसले. माझ्यावर हसायची एकही संधी ते सोडत नाहीत.

गणवेशावरूनही गंमत झाली. पालक कुरकुरू लागले की आमची मुलं लहानांच्याच कपड्यात का म्हणून. पहिलीचा गणवेश द्यावा तर ती पहिली नव्हे. शेवटी तोडगा निघाला. अंगात यूकेजीचा चौकड्यांचा गणवेश आणि गळ्यात पहिलीचा टाय. माझी मुलं प्रार्थनेला उभी राहिली की दोन शाळांची मिळून केल्यासारखी दिसत. पुस्तकाचंही तसंच. पालकांना फीच्या मोबदल्यात काहीतरी दिसायला हवं, म्हणून आमच्या हेडमिस्ट्रेस मॅडमनी सांगितलं की पहिलीचंच पुस्तक घ्या, फक्त त्याला पहिली म्हणू नका. म्हणजे ज्या नियमाने मुलांच्या डोक्यावरचा भार उतरवायचा होता, त्या नियमामुळे माझी मुलं पहिली दोनदा करणार होती. मी सकाळी, मॅडमची फेरी असते तेव्हा, पुस्तक काढायची. डबा खाऊन झाला की व्हरांडा मोजायला न्यायची, नाहीतर कुंड्यांत मेथी पेरायला.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील निपाणीकडचे, धंद्यानिमित्त इथे येऊन राहिलेले. घरात दोन भावांची दोन कुटुंबं एकत्र, आणि दोघांच्या दोन मुली जवळजवळ जुळ्यासारख्या वाढलेल्या. चुलतबहिणीचा जन्म मेअखेरचा, हिचा जूनच्या पहिल्या आठवड्यातला. नर्सरीपासून दोघी एकाच रिक्षातून यायच्या, एकमेकींचा डबा खायच्या. त्या जूनमध्ये बहीण जिना चढून पहिलीत गेली आणि ही खाली माझ्याकडे राहिली.

ती माझ्याशी मराठीत बोलायची. वर्गात बाकी सगळं कन्नड आणि इंग्रजी, त्यामुळे आमची मराठी ही आमची खासगी गोष्ट होती. त्यांच्याकडे बायका आणि मुलीसुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. ती तसं बोलली की मला गोड वाटायचं आणि माझी इथे मुरलेली कन्नडमिश्रित मराठी ऐकून तिला हसू यायचं. पण हसायची ती क्वचितच. तिचं सगळं लक्ष वहीत. एखादं अक्षर जरा वाकडं आलं की ती खोडायची, पुन्हा खोडायची, कागद फाटेपर्यंत खोडायची. घरी निघताना रोज विचारायची, “मिस, आज सगळं बरोबर?” मी म्हणायची, सगळं बरोबर. मेथी पेरताना बाकीची मुलं चिखलात लोळायची आणि ही हात पुसत विचारायची, “हे परीक्षेत येणार?”

दसऱ्याच्या सुट्टीनंतर तिची आई मला भेटायला आली. दारातच उभी राहून बोलायला लागली. “मॅडम, काय सांगू तुम्हाला. घरात तिकडं मोठी अभ्यासाला बसली की ही आत जाऊन दार लावून घेत्या. जेवतानासुद्धा विचारत्या, माझं काय चुकलं म्हणून. आम्ही सांगून दमलो. तुम्ही सांगा की हो तिला, तुमचं ऐकेल ती.”

मी मुलीला भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नेलं. ही नियमाची तारीख, हा तुझा वाढदिवस, हा ताईचा. तिचा अलीकडे, तुझा पलीकडे. एवढाच फरक. तिने दोन्ही चौकोनांवर बोट ठेवून पाहिलं.

“मग मी लवकर का आलो नाही?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “बाळ, ते कुणाच्या हातात नसतं. नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी तूही पहिलीत जाशील.” तिने मान हलवली. मला वाटलं, तिला समजलं. त्या पोरीने स्वतःला कमी समजू नये, एवढं एकच त्या वर्षी मला हवं होतं. बाकी पुस्तक गेलं खड्ड्यात. त्या दिवसानंतर तिने काय चुकलं ते विचारणं बंद केलं, आणि मी निर्धास्त झाले. खोडणं मात्र चालूच होतं.

परीक्षा आटोपत आल्या होत्या तेव्हा बातमी आली. नियमात सूट. साडेपाच वर्षांचं मूलही पहिलीत चालेल, फक्त येत्या एका वर्षापुरतं. आमच्या टीचर्स रूममध्ये आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग फोन सुरू झाले. यूकेजीच्या पालकांचा आनंद पोटात मावेना आणि माझ्या वर्गाच्या पालकांचा आवाज चढलेला. त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या मुलांनी वर्षभर वाट पाहिली ती आता, ज्यांनी एक दिवसही वाट पाहिली नाही अशा मुलांच्या शेजारी बसायला.

मी तडक मॅडमकडे गेले. म्हटलं, माझ्या मुलांनी पहिलीचं पुस्तक पुरं केलंय, तुम्हीच करायला लावलंत. त्यांना सरळ दुसरीत बसवा.

“पटावर ती पहिलीत नव्हतीच,” मॅडम म्हणाल्या. “न झालेल्या पहिलीनंतर दुसरी कशी देऊ?”

“मग वर्षभर ती होती कुठे?”

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही काही राक्षस नव्हत्या. वरून एक कागद आला की तो अंमलात आणायचा आणि दुसरा आला की पहिला विसरायचा, हे त्यांचं आयुष्य झालं होतं. मी शिक्षण खात्याच्या ऑफिसातही जाऊन आले. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, कॉफी मागवली आणि कन्नडमध्ये म्हणाले, “मिस, माझा नातूपण असाच थांबला. मी कुणाकडे जाऊ?” कॉफी पिऊन मी घरी आले आणि रात्रीचा स्वयंपाक करता करता अण्णांच्या बायकोला, म्हणजे माझ्या वहिनींना, फोन करून तासभर सरकारला शिव्या घातल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकून घेतल्या.

मे महिनाभर माझ्या डोक्यात ती मुलगी होती. नियम सगळ्यांना सारखा, असं मी तिला सांगितलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर मी तिला उभं केलं होतं, आणि आता तेच वाक्य खोटं पडलं होतं. ती विचारणार हे मला माहीत होतं. काय सांगायचं ते मी दहा प्रकारे जुळवून पाहिलं. एकही धड वाटेना.

शाळा उघडली. यूकेजी प्लस बंद झाला. माझ्याकडे पुन्हा साधी यूकेजी आली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती जिना उतरून माझ्याकडे आली. नवा गणवेश, घट्ट वेण्या, कपाळावर टिकली. तिच्या मागे मैदानात एक लहानसा मुलगा धावत होता, बूट उलट्या पायांत. तो गेल्या वर्षी शेजारच्या यूकेजीत होता. त्याच्या नाड्या हीच बांधून द्यायची.

“मिस, तो माझ्या वर्गात आहे.”

“हो गं.”

“त्याला सहा वर्षं झाली?”

“नाही झाली.”

“त्याला नऊ उलटा येतो अजून. मी बघितलो.”

“येत असेल.”

“मग तो पहिलीत कसा?”

मी जुळवलेलं सगळं विसरले. मी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आले आणि जे होतं ते सांगितलं. “नियम बदलला, बाळ. मोठ्या माणसांनी एकदा असा केला, मग तसा केला. मधे तुझं वर्ष गेलं. मी ते परत मागून पाहिलं, पण मिळत नाही. तुझी चूक नव्हती. आमची, मोठ्यांची होती.” ती रडेल, म्हणून मी हात पुढे करून ठेवला होता.

ती रडली नाही. तिने एकदा त्या मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

“म्हणजे मी नापास झालो नव्हतो?”

“नव्हतीस, बाळ,” मी म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते वर्षभरात मी एकदाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या क्षणी ती पळाली. मैदानाच्या पलीकडे, दुसरीच्या मुली डबा खात होत्या तिकडे, चुलतबहिणीला लांबूनच हाका मारत, “मी नापास झालो नव्हतो! मिसनी सांगितलं, मी नापास झालो नव्हतो!”

मी तिथेच बसून राहिले. कॅलेंडर दाखवून झालं होतं, समजावून झालं होतं, रोज सगळं बरोबर म्हणून झालं होतं. आणि ते सबंध वर्ष ती माझ्यासमोर नापास म्हणून बसली होती.