बाबूभाईचा चौथा डाख

सावली गावात बाबूभाई तांबटाला लोक दोन गोष्टींनी ओळखत. एक त्याचा आवाज. तलावाच्या या काठाला बोलला की त्या काठाच्या धोबिणी मान वर करायच्या. दुसरी त्याची बढाई. "आमच्या घरचा बंब मरत नाई!" असं तो छाती ठोकून सांगे. आणि खोटं कशाला सांगू, तोवर त्याला कुणी खोटं पाडलं नव्हतं.

बंबाचं त्याला वेड होतं. घागरी, गुंड, पराती सगळं तो करायचा, पण पोटापुरतं. बंब समोर आला की गडी खुलायचा. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, बाजूला पितळेची तोटी, एवढंच ते भांडं. पण त्याच्यापाशी बाबूभाई वैद्यासारखा बसे. आधी बोटाच्या पेरानं टकटक करी. ठण्ण वाजलं तर म्हणे, "जिता हाय." भद्द वाजलं तर तोंड वाकडं करी. मग बंबात थंड पाणी भरून बाहेरून सुकी राख फासायचा आणि एक बिडी ओढायचा. बिडी संपेस्तोवर जिथं राख काळी पडली, तिथं पाणी झिरपतंय हे ठरलं. कथील वितळवून तो ते छिद्र बुजवी. त्याला डाख म्हणत.

आणि त्याच्या बापाचा, हुसेनमियांचा, एक नियम होता. एकाच अंगाला तीन डाख बसले की चौथा लावायचा नाही. तांबंच थकलं असं समजायचं आणि मालकाला सरळ सांगायचं, बंब मेला, नवा घ्या. बाबूभाई हा नियम चांद्याच्या बाजारातून आणलेल्या बंबांना बिनदिक्कत लावायचा. माणूस रडकुंडीला आला तरी ऐकायचा नाही. "मेलेल्याले पाणी पाजून का फायदा, भाऊ?" असं वर सुनवायचा.

पण एक बंब असा होता की तिथं हा पठ्ठ्या नियम विसरायचा. तो होता देवाजीभाऊंच्या घरी. हुसेनमियांनी केलेला शेवटचा बंब. तो पुरा केला आणि म्हातारा महिन्याभरात गेला. देवाजीभाऊंची बायको वच्छलाबाई त्या बंबाला देवासारखी जपायची. दर सणाला चिंच आणि राख घेऊन बसायची आणि तोंड दिसेस्तोवर घासायची. येणाराजाणारा म्हणे, वा! बाबूभाई तर आल्यागेल्याला तिथं बोलावून दाखवी, "बघा, असा चकाकला पायजे!" वीस वर्षं ती घासत राहिली आणि वीस वर्षं हा तिला शाबासकी देत राहिला. प्रत्येक घासणीला तांबं थोडं थोडं राखेबरोबर मोरीत जातंय, हे तांबटाला कळू नये? कळत होतं. पण बापाचा बंब चमकताना दिसला की याची अक्कल पेंड खायला जायची.

सत्तावन्न सालचा पौष. थंडी अशी की गुरं गोठ्यातून बाहेर निघायला मागत नव्हती. देवाजीभाऊंची लेक आशा बाळंतपणाला आली, मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं. त्या घरची रीत अशी की लेकराचं पहिलं न्हाण पाचवीला, आणि तेही न्हाणीतल्या बंबाजवळ. सुईण मनकर्णाबाई बंबाकडं पाठ करून अगदी लगत बसणार, पाय लांब करून त्यावर लेकरू घेणार. पाठीला बंबाची ऊब, हाताशी तोटी. आशाचं स्वतःचं पहिलं न्हाण तसंच झालं होतं, त्याच बंबापाशी.

आणि नेमका तिसऱ्या दिवशी बंब गळायला लागला.

देवाजीभाऊंनी बंब बैलगाडीत घालून दुकानावर आणला. "बाबूभाई, परवा पाचवी हाय. घरात बाईनं जीव खाऊन टाकला."

"परवा? अरे उद्या नेऊन ठेवा! फिकर नका करू, पंधरा वर्षं पाहायचं काम नाई!"

राख फासली. बिडी संपायच्या आतच खालच्या अंगाला काळा डाग आला. त्या अंगाला आधीचे तीन डाख होते. तिन्ही त्याच्याच हातचे. बाबूभाईनं ते पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं. छिद्राची कड साफ करायला कात्री घातली, तर कात्री सरसर गेली. तांब्यात कात्री कधी सरसर जाते का? हात क्षणभर थांबला. मग त्यानं मोठ्यानं खाकरून चौथा डाख लावला, पाणी भरून पाहिलं, थेंब नाही. झालं! दुसऱ्या दिवशी बंब परत गेला.

पाचवीला सकाळी बाबूभाई खुशीत होता. चहा पिता पिता गात होता म्हणे. त्याची बायको आबिदा दुकान झाडत होती. कचऱ्यातून तिनं तांब्याची एक कातरण उचलली, नखाएवढी. सहज दोन बोटांत दुमडली आणि ती तुटली. आवाजसुद्धा झाला नाही.

"हे कोणाचं हो?"

"देवाजीभाऊच्या बंबाचं."

आबिदा कमी बोलायची. तिनं ते दोन तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले. "अब्बांचा नियम तुमाले याद हाय ना? कितवा डाख लावला?"

बाबूभाईच्या तोंडचं पाणी पळालं. "चौथा," तो म्हणाला.

"आन् आज त्यात उकळतं पाणी. त्याच्याकडं पाठ करून मनकर्णाबाई. तिच्या पायावर..."

तिचं वाक्य संपायला बाबूभाई तिथं होता कुठं? चहाची बशी खाली, चपला दुकानात, आणि तो रस्त्यावर. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, पण काय धावला! बाजारात धानाच्या पोत्यांवर बसलेले लोक उठून उभे राहिले. कुणी विचारलं, "आग लागली का, बाबूभाई?" त्याला उत्तर द्यायला श्वास नव्हता. डोक्यात एकच. तोटी अजून सोडली नसेल. या अल्ला, अजून सोडली नसू दे. तो तलावाची पाळ ओलांडून गेला, काटा रुतला तसाच गेला, आणि देवाजीभाऊंच्या आवारात शिरला.

देवाजीभाऊ गोठ्यात बसले होते. त्या दिवशी घरच्या मर्दांनाही अंगणात यायला बंदी. न्हाणीच्या दारावर लुगडं बांधलेलं, आतून वाफ, बायकांचं हसणं, आणि लेकराचं कुरकुरणं. बाबूभाई थेट अंगणात! तशी वच्छलाबाई लुगड्याच्या बाहेर आली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"अगा बापा! काऊन घुसून राह्यले? आत बाळंतीण हाय!"

"बंब..." त्याला धाप आवरेना. "बंबापासून उठवा त्याहिले!"

"का झालं बंबाले? मस्त तापून राह्यला."

"बाई, उठवा म्हणतो ना!"

वच्छलाबाईला वाटलं हा गमती करतोय. ती हसलीच. "परवाच तुमी माह्या मालकाले म्हणाले, पंधरा वर्षं पाहू नका म्हणून. तुमच्याच घरचा बंब. थो कुठी मरते?"

झालं! स्वतःची बढाई स्वतःच्याच आड उभी राहिली. पुढं जावं तर रीत मोडते, बाळंतिणीची अब्रू जाते, आणि थांबावं तर... लुगड्यापलीकडून मनकर्णाबाईचा आवाज आला, "आणा वो पोट्टीले इकडं, पाणी झालं." बाबूभाईनं ऐकलं. अंगणाच्या मधोमध तो मटकन खाली बसला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला.

"बंब मेला! माह्या बापाचा बंब मेला! मनकर्णाबाई, मले माहीत होतं आन् मी खोटा डाख लावला! पोरीले घेऊन उठा!"

गल्लीनं ऐकलं. तलावापलीकडं ऐकू गेलं. आत हसणं बंद झालं. मनकर्णाबाईनं निम्म्या सावलीला पहिलं न्हाण घातलेलं. तिनं ना विचारलं, ना वाद घातला. नुकतंच पायावर घेतलेलं लेकरू छातीशी धरून ती उठली, शेजारी बाजेवर बसलेल्या आशाला ओढलं आणि दोन पावलं भिंतीकडं सरकली.

फस्सकन आवाज आला. मग बदाबदा पाणी. लुगड्याच्या खालून वाफाळता लोंढा अंगणात आला, त्यात विझलेले कोळसे, आणि आतून बायकांची एकच किंकाळी.

आणि मग काहीच नाही. बाबूभाई उठला. लुगड्यापर्यंत गेला, हात लांब केला, पण त्याला हात लावायची हिंमत होईना. आत कोण भाजलं, कोण नाही, काही कळेना. वच्छलाबाई केव्हाच आत धावली होती. गोठ्यातून देवाजीभाऊ येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

मग ती पोरगी रडली. काय रडली! जन्मली तेव्हा एवढी रडली नसेल. पाठोपाठ मनकर्णाबाईच्या शिव्या आल्या, बंबाला, बाबूभाईला, त्याच्या साऱ्या खानदानाला, आणि अशा खणखणीत की शिव्या देणारीला काही झालेलं नाही हे शेंबड्या पोरालाही कळावं. देवाजीभाऊ हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले.

लुगडं बाजूला झालं. वच्छलाबाई बाहेर आली. तिच्या हातात धडप्यात गुंडाळलेली पोरगी होती. पाच दिवसांच्या लेकराला त्या घरात मामाच्या हातीसुद्धा देत नसत. बाबूभाई मागं सरकला. आता ही बोलणार, आता ही आपलं तोंड पाहणार नाही, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला कबूल होतं.

"धरा," वच्छलाबाई म्हणाली.

"बाई, माहे हात काळे हायेत."

"राहू द्या. धरा म्हणतो ना!"

त्यानं धरली. वजन असं नव्हतंच. त्या भल्या दांडग्या, जळक्या बोटांनी त्यानं धडपा थोडा वर केला आणि पोरीचे दोन्ही पाय चाचपून पाहिले. एक पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला पाहिला. कोरडे होते. तेव्हा कुठं बाबूभाई सगळ्यांदेखत रडला.