रकान्यातली रेघ

मीनाक्षीबाईंचा राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर. तिरुनीलक्कुडीहून कुंभकोणमला माहेरी यायचं म्हणजे बसच्या कंडक्टरशी एक भांडण ठरलेलंच. पण १९५३ सालच्या त्या सकाळी त्या नगरपालिकेच्या कचेरीत शिरल्या, तेव्हाचा राग वेगळा होता.

धाकट्या भावाची, सुंदररावाची मुलगी अकराव्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, पाळणाही बांधून झाला होता. सुंदरराव मृत्यूची नोंद करायला गेला आणि मान खाली घालून परत आला. कारकुनानं नावाच्या रकान्यात रेघ ओढली होती. नाव ठेवलंच नाही तर लिहू काय, असं तो म्हणाला, आणि या मेषपात्रानं ते मुकाट ऐकून घेतलं.

बाई तडक निघाल्या. सुतकात बायकांनी कचेरीत जाऊ नये, हे त्यांना सांगायची घरात कोणाची छाती झाली नाही.

घरात पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी मराठी, बाहेर तमिळ; त्या तमिळमध्येच त्यांनी कारकुनाची यथेच्छ खरडपट्टी काढली. अकरा दिवस दूध प्यालेलं, झोपेत हसलेलं लेकरू म्हणजे काय नुसती रेघ? कारकून मुरलेला होता. एवढी माया होती तर नाव वेळेवर का ठेवलं नाही, असं त्यानं शांतपणे विचारलं.

आठव्या दिवशी पोरीला ताप चढला, तेव्हा भावजय नागलक्ष्मीनं बाईंचे पाय धरले होते. आत्ताच तिच्या कानात नाव सांगा म्हणाली. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. आणि आत्यानं तिला झिडकारलं होतं. बाराव्या दिवसाआधी आपल्यात नाव ठेवत नाहीत, तमिळ मुलखात राहतो म्हणून काय रीतभात सोडायची?

"माझ्यामुळं राहिलं," त्या कारकुनाला म्हणाल्या. "अपराध माझा. रेघ तिला कशाला?" आवाज चढलेलाच होता, पण आपण कोणावर चिडलो आहोत ते आता त्यांना पुरतं कळलं होतं.

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. बाईंनी नाव सांगितलं, मंगला. रेघ खोडून त्यानं ते तमिळ अक्षरांत लिहिलं.

घरी नागलक्ष्मी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. बाईंनी तिच्या उशाशी बसून सांगितलं, नोंद झाली, मंगला लिहिलं. ती वळलीसुद्धा नाही.

"मेलेल्यांचे वहींत घालायास मुहूर्त लागला नाहीं कां, वन्सें?"