फ्लेक्सवरचा गोरा शुभेच्छुक

"काढा! मला खाली काढा! आत्ताच्या आत्ता!"

आमचा गोरा भाडेकरू चौकात उभं राहून असा ओरडला की चिकलठाण्याला उतरणारं विमान घाबरून पुन्हा वर गेलं. त्याच्या डोक्यावर नगरसेवक भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, पार पिशोरहून दिसेल एवढा. खाली शुभेच्छुकांची रांग आणि त्या रांगेत, करमाडच्या एका प्लॉटिंगवाल्याला खेटून, खुद्द आमचा भाडेकरू! डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, गळ्यात बैल बांधता येईल अशी सोन्याची चेन. सगळं कॉम्प्युटरवर चढवलेलं.

हा गृहस्थ वेरूळच्या लेण्यांचा अभ्यास करायला युरोपातून आला होता. त्याच्या गावच्या महापौरानं म्हणे कुणाकडून तरी फुकटचं जेवण घेतलं आणि त्यापायी राजीनामा दिला. हे ऐकून आमच्या अख्ख्या गल्लीला त्या महापौराची कीव आली.

आमच्याकडे नळाला पाणी आलं तर आलं. टाकीत पाली नांदत होत्या, आणि त्यातच याची आई यायची होती. यानं अर्जावर अर्ज केले. मी म्हटलं, "अहो, नगरसेवकाला भेटा ना."

"का? पाणी त्याचं आहे?"

आता याला काय सांगणार! फ्लेक्सवाल्यांना फोटो कुणी दिला ते मला विचारू नका. आमच्या गच्चीवर काढलेला होता, एवढं मात्र खरं.

शिडीवरचा कार्यकर्ता कात्री घेऊन तयारच होता. "काढतो की, साहेब. पर मंग त्यो टँकर बी न्यावा लागंल."

चौकासमोरच आमच्या दारात टँकर उभा होता, पाइप टाकीत सोडलेला.

"टँकर मी मागितला नाही!"

"व्हय. फोटो बी तुम्ही दिला नाय. भाऊंनी दोन्ही आपल्या मनानंच केलं."

तेवढ्यात रिक्षा थांबली. डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेली त्याची आई उतरली. तिनं आधी लेकाकडं पाहिलं, मग फ्लेक्सवरच्या लेकाकडं, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यानं टँकरकडं नजर टाकली, दोन शब्दांत उत्तर दिलं आणि शिडीवरच्याला हातानंच 'राहू दे' म्हणून खुणावलं. मग माउलीनं अशी अंघोळ केली की जायकवाडीची पातळी खाली गेली असेल.

संध्याकाळी मी हळूच विचारलं, "काय हो, आईंना काय सांगितलंत?"

"मित्राचा वाढदिवस आहे."